एका उकळीचा काढा

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात राजापुढे भांडण जुंपलं होतं, आणि दोन दिवस झाले तरी ते मिटत नव्हतं. एका बाजूला होता परमुलखातून आलेला वैद्य, दुसऱ्या बाजूला येसाआजी.

राज्यात नवं औषध आलं की ते आधी पारखायचं, हे येसाआजीचं काम. तिला ना गुरू, ना पोथी. चाळीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी बसून ती शिकली होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

वैद्यानं तापावर गोड चाटण आणलं होतं. त्याचं म्हणणं, आपण राज्याच्या रीतीप्रमाणे वीस आजारी घेतले. दहांना चाटण दिलं, दहांना इथला जुना, कडू वेलाचा काढा. चाटणाचे सात उठून बसले, काढ्याचे तीन. तेव्हा राजानं डोंगरावरचे वेल तोडून तिथे चाटणाला लागणारी झाडं लावावीत.

कोयते घासून तयार होते. पावसाळा सरत आला होता, तापाचे पहिले रोगी दिसू लागले होते, खरी साथ पुढेच होती. वेल गेले आणि चाटण कमी पडलं, तर घरोघरी माणसं फणफणत पडणार आणि हाताशी काहीच नसणार.

येसाआजीला एकच गोष्ट सलत होती. तिच्या हातच्या काढ्यानं दहांतले आठ तरी उठत. इथे तीनच कसे?

"आजी, तुम्हाला नवं बघवत नाही, एवढंच," वैद्य म्हणाला.

दरबारी हसले. तसं तर नसेल ना, असं क्षणभर आजीलाही वाटलं, आणि ते तिला झोंबलं.

"तुमचं सरस निघालं तर मी स्वतःच्या हातानं लोकांना चाटवीन," ती म्हणाली. "आधी तुम्ही पाजलात तो काढा कसा केलात, ते करून दाखवा."

अंगणात चूल मांडली. वैद्यानं वेल ठेचून पाण्यात टाकला, धुरानं डोळे चोळले, आणि एक उकळी येताच भांडं उतरवलं. त्याच्या मुलखातली पानं तेवढ्यात सत्त्व सोडत. इथला वेल मात्र चार वाट्यांची एक वाटी होईस्तोवर रटरटावा लागे.

आजीनं पळीभर काढा जिभेवर घेतला. मग पळी राजापुढे धरली. ज्या काढ्याच्या नावानं लेकरं पळ काढत, तो काढा राजा तोंड वाकडं न करता प्यायला; वेलाचा कडूपणा त्यात उतरलाच नव्हता.

कोयते माघारी गेले. पुन्हा वीस आजारी घेतले. चाटण वैद्यानं घोटलं, काढा आजीनं आटवला, आणि कोण बरं झालं हे ठरवायला असा माणूस बसवला, की कुणी काय घेतलं हे त्याला ठाऊक नव्हतं. काढ्याचे आठ उठले, चाटणाचे सात.

वेल डोंगरावरच राहिले, आणि त्या साथीत घरोघरी तोच काढा आटला.

भांडण मात्र त्याआधीच, निकालाच्या दिवशी मिटलं. सात काही थोडे नव्हेत, आणि पहिल्या खेपेला तर मीच जिंकलो होतो, असं वैद्य त्या दिवशीही घोकत होता. येसाआजीनं पळी धुऊन पालथी घातली आणि शांतपणे म्हणाली, "वैद्यबुवा, उपाशी मल्लाला चीत करून कुणी थोर ठरत नाही, नव्यानं जुन्याशी जरूर लढावं, पण जुनं पुऱ्या ताकदीनं उभं असताना."