शेवटच्या रांगेतले पत्र

एकदा एका शिष्याने आपल्या गुरुजींच्या ओसरीवर पाऊल ठेवले आणि नमस्कार करण्याआधी टाळी वाजवली. यात उद्धटपणा नव्हता. कोणत्याही वास्तूत शिरले की एक टाळी वाजवायची आणि तिचा आवाज भिंतींवरून कसा परत येतो ते कान देऊन ऐकायचे, ही त्याची लहानपणापासूनची खोड. देवळाच्या सभामंडपात, मंगल कार्यालयात, एकदा तर ऐन शोकसभेतही त्याने टाळी वाजवली होती आणि त्यापायी वडिलांचा मार खाल्ला होता. गल्लीत त्याला सगळे टाळीवाला म्हणत. पुढे ही खोडच त्याची विद्या झाली. ज्या नाट्यगृहात नटाचे बोलणे घुमून नुसता गलका व्हायचा, तिथे हा जायचा, भिंतींना लाकडी पट्ट्या लावायचा, कुठे जाड पडदे सोडायचा, आणि काही महिन्यांत शब्द न् शब्द सुटा ऐकू येऊ लागायचा.

गुरुजी शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. ध्वनी म्हणजे काय हे त्यांनीच या मुलाला शिकवले, आणि आता त्यांनाच कमी ऐकू येऊ लागले होते. त्यांनी त्याची तक्रार केली नाही. एक सोय करून घेतली. कोणी काही बोलले की ते शेजारच्या द्वारकाबाईंकडे वळत आणि विचारत, "काय म्हणाला?" द्वारकाबाई विरजण मागायला म्हणून येत आणि तासभर बसत. त्या सगळे खणखणीत आवाजात पुन्हा सांगत, वर आपले मतही जोडत.

त्या दिवशी द्वारकाबाई अजून यायच्या होत्या, म्हणून शिष्यालाच घसा ताणावा लागला.

"गुरुजी, व्हिसा अडलाय."

हकिगत अशी होती. दूरच्या एका देशात एक जुने नाट्यगृह नव्याने उभे राहत होते आणि तिथल्या लोकांनी याला बोलावले होते. असे काम आयुष्यात एकदाच मिळते. त्या देशात विशेष गुणवंतांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी जाणत्या माणसांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. याने एका मंत्र्याचे, एका कुलगुरूंचे, एका कारखानदाराचे, अशी पाच भारदस्त पत्रे जोडली होती. तिकडून उत्तर आले की या पत्रांवरून तुम्ही नेमके काय केले ते कळत नाही. दिलेल्या मुदतीत चांगली पत्रे पाठवा, नाहीतर अर्ज निकाली काढू.

"आता तुमचं पत्र हवं. तुमच्याइतकं मला कोण ओळखतं?"

"मी देणार नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले.

शिष्याचा चेहरा उतरला. ज्यांच्या भरवशावर तो रात्रभर एसटीत अवघडून आला होता, त्यांनीच तोंडावर नाही म्हटले. त्याला वाईट वाटले, थोडा रागही आला.

"ती पत्रं आणली आहेस ना? वाच," गुरुजी म्हणाले. "तुझं नाव येईल तिथे ते गाळ. आणि मोठ्यानं वाच. मला ऐकू येत नाही."

आता या विचित्र आज्ञेला काय म्हणावे? पण गुरूची आज्ञा. शिष्य ओसरीत उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. "अष्टपैलू व्यक्तिमत्त्व. अथक परिश्रम. निष्कलंक चारित्र्य. त्यांचे कार्य दीपस्तंभाप्रमाणे सदैव मार्ग दाखवत राहील. त्यांचे योगदान समाज कधीही विसरणार नाही."

तेवढ्यात हातात वाटी घेऊन द्वारकाबाई आल्या. पायरीवरच थबकल्या. वाटी हळूच खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. कधी गेले?"

रस्त्यावरून जाणारे एक गृहस्थही सायकलवरून उतरून, टोपी काढून उभे राहिले होते.

"काय म्हणाल्या?" गुरुजींनी शिष्याला विचारले.

शिष्याला ओरडूनच सांगावे लागले, "कधी गेले, असं विचारतायत!"

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "द्वारकाबाई, तो गेलेला नाही. तुमच्यासमोर उभा आहे."

द्वारकाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "हा? याच्याबद्दल होतं हे? मला वाटलं, कुणी माजी आमदार असतील." सायकलवाल्या गृहस्थांनी टोपी घातली आणि काहीसे निराश होऊन ते पुढे गेले.

हसण्याचा भर ओसरल्यावर गुरुजींनी विचारले, "ही पत्रं लिहिली कुणी?"

शिष्य घुटमळला. मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो? प्रत्येकाने त्याला हेच सांगितले होते की मसुदा तूच करून आण, मी सही करतो. "मीच," तो पुटपुटला. गुरुजींनी ते ओठांवरून ओळखले.

"बैस," ते म्हणाले. "रिकाम्या नाट्यगृहात तू टाळी वाजवलीस, की भिंतीवरून काय परत येतं? तुझीच टाळी. ती कितीदा परत आली, तरी तिथे दुसरं माणूस आहे असं कुणी म्हणेल का? तू पाच मोठ्या भिंती निवडल्यास आणि प्रत्येकीसमोर स्वतःचाच आवाज काढलास. तिकडच्या अधिकाऱ्याला पाच पत्रांत एकच माणूस ऐकू आला. अरे, घुमणारा आवाज घालवणं ही तुझी विद्या, आणि अर्जाला तू तोच जोडलास. ज्यांनी तुझं काम कानांनी ऐकलंय त्यांच्याकडे जा. आधी काय ऐकू यायचं आणि आता काय येतं, एवढंच विचार. लिहू दे त्यांचं त्यांना. मी तुझं एकही नाट्यगृह ऐकलेलं नाही. मग मी कसली साक्ष देऊ?"

शिष्याने ती पाचही पत्रे घडी घालून पिशवीत ठेवली. त्याचे काम सर्वांत जास्त कोणी ऐकले होते ते त्याला ठाऊक होते, आणि त्या माणसाची त्याला भीतीच वाटत असे. एक वृद्ध, संतापी नट. तालमीच्या मध्ये टाळ्या वाजवत रंगमंचावर फिरतो म्हणून त्यांनी याला दोनदा हाकलून दिले होते. तरी तो धीर करून त्यांच्याकडे गेला. एक ध्वनितज्ज्ञ परदेशी होत्या. त्याला कधी भेटल्या नव्हत्या, पण त्याची पद्धत वाचून त्यांनी आपल्याकडचे सभागृह सुधारले होते. त्यांनाही त्याने लिहिले. मंत्र्यांना त्याने पुन्हा त्रास दिला नाही. नाट्यगृहाच्या उद्घाटनाला ते फीत कापून चहा न घेताच गेले होते.

काही दिवसांनी तो नव्या पत्रांसह ओसरीवर आला. या वेळी द्वारकाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्याने नाव गाळून नटाचे पत्र वाचायला घेतले.

"हा इसम हट्टी आहे. तालमीत टाळ्या पिटून याने माझे डोके उठवले. पण खरे ते सांगतो. आमच्या नाटकात आईच्या उशाशी बसून मुलगा एक वाक्य कुजबुजतो. त्या नाट्यगृहात मी ते वाक्य वर्षानुवर्षे ओरडून म्हणत आलो, कारण कुजबुज चौथ्या रांगेपलीकडे पोचत नसे. आईच्या उशाशी कोणी ओरडते का? मला त्याची लाज वाटे. याचे काम झाल्यावर मी ते वाक्य पहिल्यांदा कुजबुजलो, आणि बाल्कनीत कोणीतरी नाक ओढलेले मला रंगमंचावर ऐकू आले."

द्वारकाबाई ताडकन उठल्या. "अगं बाई, हा तर आपला टाळीवाला!"

"काय म्हणाल्या?" गुरुजींनी विचारले. पण त्यांचे डोळे हसत होते. त्यांना कळले होते.

मग गुरुजींनी शिष्याला कपाटातून इस्त्रीचा सदरा आणायला सांगितला. "चल, तुझं नाट्यगृह दाखव. तिकीट मात्र सर्वांत मागचं काढ." सोबत द्वारकाबाईही निघाल्या, कारण नाटकातले बोलणे गुरुजींना सांगायला कोणीतरी हवेच होते.

अर्ज मुदतीत गेला आणि व्हिसा आला. शिष्याने पेढे वाटले. पहिला पेढा गुरुजींना आणि दुसरा, हक्काने मागून घेतल्यामुळे, द्वारकाबाईंना मिळाला. त्या अर्जाला जोडलेले सर्वांत लहान पत्र गुरुजींचे होते. त्यात एवढेच होते:

"मला ऐकू कमी येते. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सारे नाटक मी माझ्या कानांनी ऐकले. कुजबुजीच्या वाक्यातला एक शब्द तेवढा निसटला. त्या वेळी शेजारी द्वारकाबाई रडत होत्या."