निंगव्वाची अर्धी ओवी

आज हिवरडीत विजेची चक्की आहे. चार दिवस चालते नि दोन दिवस बिघडते. ही गोष्ट मात्र त्या काळातली, जेव्हा दळण म्हणजे जातं आणि जातं म्हणजे बायकांचे खांदे. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. वेशीतल्या लिंबाला विचारलंत, तर तो म्हणेल, मी तेव्हा रोप होतो.

तेव्हा नदीपल्याडच्या कानडी मुलखात दुष्काळ पडला आणि माणसं पाणी शोधत इकडे आली. त्यांच्यातली निंगव्वा नावाची तरणी पोर तापानं फणफणून आमच्या वेशीत पडली. मालू कुंभारानं तिला उचलून घरी नेलं. पुढे पाऊस झाला नि तिची माणसं माघारी वळली, तोवर ती मालूची बायको झाली होती.

गावानं तिला वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगते. लुगडं दिलं, चूल मांडून दिली, मराठी शिकवली. तिचं बोलणं ऐकून हसलेही, पण हसणं काय, आपण आपल्या जावयालाही हसतो. आणि ती मराठी आली तशी निंगव्वा जात्यावर बसून ओव्या रचायला लागली. असं म्हणतात, तशी ओवी हिवरडीत ना आधी झाली ना नंतर. टेकावरचं ऊन आम्ही जन्मभर बघत होतो, पण तिनं सांगितल्यावर ते आम्हाला दिसलं.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. निंगव्वाच्या मुलखात ओवी दोघींची असायची. एकीनं अर्धी म्हणायची, समोरचीनं पुरी करायची. समोरचीनं पुरी केली की म्हणणारी तिची झाली, गावाची झाली. हिवरडीची रीत उलटी. इथे जिची ओवी तिनंच पुरी करायची, आणि दुसरीनं मध्ये तोंड घातलं तर महिनाभर अबोला.

निंगव्वा म्हणायची,

हिवरडीच्या आडाचं पाणी, बाई, तोंडाला लागे खारं...

आणि थांबायची. समोर शेजारची चांगुणा बसलेली असायची, खुंट्यावर दोघींचे हात. चांगुणा आदबीनं वाट बघायची. निंगव्वाही वाट बघायची. जातं घरघरत राहायचं.

“म्होरं म्हण की गं,” चांगुणा शेवटी म्हणायची.

“असू दे,” निंगव्वा म्हणायची.

तिला वाटायचं, ह्या मला आपली म्हणत नाहीत. बायकांना वाटायचं, हिला पुढचं सुचत नाही, विचारून कशाला लाजवा? तीही मागायची नाही. मागून घेतलेली ओवी तिच्या मुलखात ओवी नव्हेच. अशी वर्षं गेली. माझ्या सासूच्या सासूला हे सांगताना रडू यायचं, आणि ती काही रडकी बाई नव्हती.

एकदा निंगव्वा म्हणाली, माहेरी जाऊन येते. मालूनं शिदोरी बांधून दिली. असं म्हणतात, नदीला तेव्हा पूर होता, पण तिनं पाय घातला नि पाणी घोट्याएवढं झालं. माहेरी आई नव्हती. भावजय होती, जातं होतं. निंगव्वा बसली आणि तिच्या तोंडून हिवरडीची ओवी निघाली, वेशीची, लिंबाची, मालूच्या चाकाची. अर्ध्यावर ती थांबली. तिथल्या बायकांना रीत ठाऊक होती, पण हिवरडी ठाऊक नव्हती. त्या एकमेकींकडे बघत बसल्या. भावजय म्हणाली, “तू आता तिकडची झालीस गं बाई.”

ती माघारी आली.

“एवढ्यात आलीस?” मालूनं विचारलं.

“तुमाला भाकरी कोन घालनार?” ती म्हणाली, आणि पीठ घ्यायला आत गेली.

त्यानंतर ती एकटीच दळायची. तरी अर्ध्यावर थांबणं काही सुटलं नाही. एका सकाळी तिनं अर्धी ओवी म्हटली आणि थांबली, ती थांबलीच. असं म्हणतात, तिचा जीव गेला, हात सुटला, तरी जातं दिवे लागेपर्यंत फिरत होतं. मग ते जे अडकलं, ते पैलवानांनाही हलेना. पाथरवट आला, त्याची छिन्नी मोडली.

पुढल्या लगीनसराईत बायका हळद दळायला जमल्या आणि म्हणाल्या, एकदा बघू या. पाच जणींनी खुंटा धरला. जातं तिचं, म्हणून ओवीही तिचीच म्हटली. आडाचं पाणी, तोंडाला लागे खारं. पुढचं कुणालाच येत नव्हतं. कसं येणार?

चांगुणेची नवी सून खाडीकाठची होती. महिनाभर घरात तिचा शब्द कुणी ऐकला नव्हता. तिला ना ही रीत माहीत, ना ती. ती एकदम म्हणाली,

माज्या म्हायेरच्या दारात गो बाय, खाडयेचां पाणी खारां.

आणि जातं फिरलं.

चांगुणा तेवढी उठून बाहेर गेली. अंगणात बसून तिनं कपाळ बडवून घेतलं. “एवढंच हवं हुतं का गं तुला,” ती म्हणत होती, “एवढंच हवं हुतं?”

तेव्हापासून हिवरडीत सून आली की पहिलं मूठभर दळण निंगव्वाच्या जात्यावर होतं. म्हाताऱ्या तिची अर्धी ओवी म्हणतात. सुनेनं ती आपल्या बोलीत, आपल्या गावाचं नाव घेऊन पुरी करायची. चूक-बरोबर कुणी म्हणायचं नाही. गावात जन्मलेल्या लेकींनी त्या वेळी तोंड उघडायचं नाही.

मागल्या साली एक सून आली, फार लांबची. तिची बोली गावात कुणालाच येत नाही. तिनं खुंटा दोन्ही हातांनी धरला. मग बोलायला लागली ती थांबेचना. एका ओळीवर भागलं नाही, खूप बोलली, मध्येच रडली. आम्हाला अवाक्षर कळलं नाही. घरोघरी चुली खोळंबल्या, पोरं भुकेनं दारात येऊन हाका मारायला लागली. पण तिचं संपेपर्यंत एकही बाई उठली नाही.