राजकन्येचा हिरवा चुडा

"चुडा काचेचाच हवा, हिरवाच हवा आणि एकही बांगडी फुटता कामा नये! फुटली, तर ज्या हाताने भरलीस तो हात उडवीन!"

धवलगडचे राजे रणमार्तंड महाराज गरजले आणि गोजरा कासारणीच्या खांद्यावरच्या बांगड्या किणकिणल्या. बांगड्या कसल्या, तिचे खांदेच थरथरत होते!

राजकन्या चित्रलेखेचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. शेजारच्या राजाने आपल्या लेकीच्या लग्नात हत्तीवरून अक्षता उधळल्या होत्या, त्यामुळे आमच्या महाराजांना पंधरा दिवस झोप नव्हती. इथला थाट वरचढच हवा! अंतरपाट अस्सल जरीचा विणला. तो इतका जड झाला की धरायला चार पैलवान नेमावे लागले. मुंडावळ्या टपोऱ्या मोत्यांच्या केल्या. नवरदेवाने त्या बांधून पाहिल्या, तर मान अशी वाकली की स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांखेरीज त्याला काही दिसेना. राजकन्येचा उखाणा दरबारी कवीने लिहिला, तो बत्तीस ओळींचा. नवऱ्याचं नाव एकतिसाव्या ओळीत येत होतं!

आणि आता हा चुडा. शेजाऱ्यांच्या मांडवात नवरीची एक बांगडी फुटली होती. ते ऐकून महाराज खूश झाले होते आणि तेव्हापासूनच त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. हुकूम ऐकून दोन कासार आधीच बिऱ्हाड गुंडाळून पळाले होते.

"महाराज, काच आहे ती," गोजरा हात जोडून म्हणाली. "फुटायचीच नको असेल, तर लोखंडाच्या बांगड्यांना हिरवा रंग देऊन आणते."

"लोखंड कैद्यांच्या हातात घालतात!"

"मग सोन्यावर हिरवा मीना चढवा."

"आणि परंपरा? आमच्या घराण्यात चुडा काचेचाच! तूच भरायचास. निघालीस तर बघ!"

गोजरा काय करणार? उजव्या हातात दहा, डाव्या हातात अकरा, असा चुडा तिने राजकन्येला भरला. तीस वर्षांत हजारो मनगटं तिच्या हातांखालून गेली होती. एकही बांगडी तडकली नाही. ती सुटकेचा श्वास टाकते तोच महाराज दागिन्यांचं तबक घेऊन हजर! पाटल्या, गोठ आणि वर नारळाएवढे जाड तोडे!

"महाराज, तोडे तेवढे राहू द्या," गोजरा काकुळतीला आली. "काचेवर हत्ती बसवल्यासारखं होईल."

"सोनं कसं घालावं हे तू मला शिकवणार?"

"बाबा, हात उचलत नाही हो!" राजकन्या म्हणाली.

"उचलायचा कशाला? लोकांनी बघायचा!"

लग्नाची घटिका आली. मंगलाष्टकं संपली, घामाघूम पैलवानांनी अंतरपाट खाली घेतला. चित्रलेखेने हार घालायला कसेबसे हात वर नेले, तोडे घसरले आणि कट्! हिरव्या काचेचा तुकडा थेट नवरदेवाच्या पायाशी पडला. तो बिचारा खालीच बघत होता, त्यामुळे सगळ्यात आधी त्यालाच दिसला.

"अरे, काच!" तो म्हणाला.

वाजंत्री थांबली. महाराज लालबुंद झाले. "कुठे आहे ती कासारीण? आणा इकडे!"

सेनापतीने गोजराला पुढे ढकललं आणि तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. पण तिने महाराजांकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं राणीसाहेबांकडे आणि मग नवरदेवाच्या आईकडे. दोघींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि दोघींचे चेहरे पांढरेफटक पडले होते. गोजराच्या जिवात जीव आला!

"हात हजर आहे, महाराज," ती हात पुढे करून म्हणाली. "फक्त झालं काय, ते आपल्या तोंडाने एकदा मांडवाला सांगा."

"सांगतो की! सगळ्यांनी ऐका! माझ्या लेकीची बांगडी फु—"

"अहो!" राणीसाहेबांनी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "भरल्या मांडवात, लेकीच्या चुड्याला असं अभद्र बोलतात?"

"मग काय म्हणू?"

"वाढली म्हणावं! बांगडी वाढली!"

महाराज चरफडत प्रधानांकडे वळले. "प्रधानजी, तुम्ही सांगा काय झालं ते!"

"मला दोन लेकी उजवायच्या आहेत, महाराज. वाढली."

"भटजीबुवा?"

"वाढली, वाढली! शंकाच नको."

तेवढ्यात विहीणबाई पुढे झाल्या. "व्याहीमहाराज, एकदाच काय ते सांगा. वाढली असेल, तर सून आनंदाने नेते. तो दुसरा शब्द तुमच्या तोंडून आला, तर वऱ्हाड आत्ता माघारी फिरेल!"

महाराजांनी मिशी चावली आणि ते पुटपुटले, "वाढली."

"मग माझा हात?" गोजराने विचारलं. "आपला हुकूम होता, फुटता कामा नये. वाढू नये असं आपण कुठे म्हणालात?"

"पण होत्या एकवीस, राहिल्या वीस! ही कसली वाढ गं?"

"महाराज, आपल्या राज्यात नारळाची दोन शकलं झाली तरी तो वाढतो. करंड्यातलं कुंकू सरलं तरी ते वाढतं. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी तेही वाढतं. जिथे सगळं वाढतच असतं, तिथे माझा एकटीचा हात तेवढा कमी व्हायचा?"

आधी राणीसाहेब हसल्या, मग विहीणबाई हसल्या. नवरदेव हसायला गेला आणि त्याच्या मुंडावळ्याच सुटून पडल्या. शेवटी महाराजांनाही राहवेना. ते पोट धरून हसू लागले.

"हरलो, गोजरा! काढा रे ते तोडे पोरीच्या हातातले! हिला भरजरी पैठणी द्या, बांगड्या वाहायला एक घोडी द्या आणि राजवाड्यातला प्रत्येक चुडा यापुढे हिच्याच हातून!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "एवढंच नाही, प्रधानजी, हिचं बक्षीस वाढवा!"

गोजराने चटकन कानांवर हात ठेवले.

"नको, महाराज, नको! वाढवू नका. नुसतं द्या!"

महाराज इतके हसले की त्यांना सिंहासनावर बसवायला ते चार पैलवान बोलवावे लागले. पैठणी नेसून गोजरा घोडीवर बसली ती त्यानंतरच.