कातळवेळची अमेरिका

कातळवेळच्या किनाऱ्यावर, देवीच्या घुमटीखाली, काळ्या कातळात एक खळगा आहे. माणूस मांडी घालून बसेल एवढा. पाहुणे विचारतात, हा कशाचा? गावातले म्हातारे सांगतात, हा अमेरिकेचा. पाहुणे हसतात. हसू द्यावे. हसून झाले की सावलीत बसवावे आणि सांगावे.

तेव्हा मुंबईत गोऱ्या साहेबांचे राज्य होते आणि दर्यावर सगळा कारभार शिडांचा. कातळवेळला पोसा तांडेल, होड्यांचा म्होरक्या, मोठा माणूस. त्याचा थोरला मुलगा गोमा सुकी मासळी घेऊन मुंबईला गेला आणि तिथून एका परक्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज अमेरिकेचे, एवढाच निरोप घरी आला. पुढे काही नाही. पावसाळे आले, गेले.

मग पोसाने देवीपुढे नारळ ठेवला आणि शब्द दिला, गोमाची खबर येईपर्यंत अन्नाला शिवणार नाही. तांडेलाचा शब्द तो. म्हातारा ओटीवर आडवा झाला, तोंड दर्याकडे करून. पाण्याशिवाय काही घेईना.

गोमाची बायको नवशी. तिच्या हातच्या मिठाला गावात मान होता. तिने मूठ फिरवलेला मासा पावसाळाभर टिकायचा, असे सांगतात. पण डोळ्यांसमोर सासरा सुकत चालला होता आणि त्याला टिकवायला तिच्याकडे काही नव्हते. ती रोज नारळाचे दूध काढी, गूळ घाली, तांब्या घेऊन ओटीवर येई.

“मामंजी, घोटभर तरी.”

“अन्न आहे ते.”

“दूध आहे.”

“मला फसवू नको, पोरी. मी तांडेल आहे, तान्हं पोर नव्हे.”

असे चालले असता एका पहाटे धुके पडले. एवढे दाट, की दर्या कुठे संपला आणि आभाळ कुठे लागले ते कळेना. त्या धुक्यात एक मोठे जहाज समोरच्या खडकावर येऊन बसले. नवशीचा दीर बुधा होडी घेऊन गेला, भावाची खबर काढायला. जहाज हलके करायला वरचे लोक माल पाण्यात टाकत होते. त्यात एक खलाशी आपल्याकडचा निघाला.

“गोमा?” तो वरून म्हणाला. “ठाऊक नाही, बाबा. पुष्कळ जातात तिकडं.”

“मग हे काय टाकताय?”

“अमेरिकेचं पाणी. थंडीत तिकडं तळ्याचा दगड होतो. तोच कापून आणतात, साहेबाच्या पेल्यात टाकायला.”

“सकाळीच चढवलीस काय रे?”

“ने की घरी. चाटून बघ.”

भरती आली, जहाज उचलले गेले आणि धुक्यात विरले. मागे तरंगत राहिले ते पांढरे दगड. ते लाटांवर हलत हलत किनाऱ्याला लागले. अंगाला भुसा, भुशाला कुठल्याशा अनोळखी झाडाचा वास, आणि प्रत्येक दगडातून निघणारी वाफ. कोणी हात लावला आणि भाजले म्हणून ओरडला. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. मग ऊन वर आले आणि दगड रडू लागले.

“टिकवा, टिकवा!” एकच गलका झाला आणि सगळ्यांनी नवशीकडे पाहिले.

टिकवायची एकच रीत गावाला ठाऊक. नवशीने दगड या खळग्यात रचले. सकाळचे नारळाचे दूध नासू नये म्हणून तांब्या त्या गारव्यात मधोमध ठेवला. आणि मग घरातले सगळे मीठ आणून तिने मुठी मुठीने त्या दगडांना चोळले, सुरमईला चोळावे तसे. वर पेंढा टाकला.

पेंढा उचलला तेव्हा खाली निम्म्याहून जास्त पाणी झाले होते.

“वहिनी,” बुधा म्हणाला, “मासा नव्हता गं तो!”

शेजारच्या गावचे लोक बघायला आले होते. ते पोट धरून हसले. तेव्हापासून आमच्या गावाला मीठलावे म्हणतात. बाजारात त्याच नावाने हाक मारतात. आम्ही ओ देतो.

नवशी मात्र हसली नाही, रडलीही नाही. तिने तांब्या काढायला हात घातला, तर तांब्या बोटांना चिकटला. आत डोकावली. दुधाचा दगड झाला होता. तिने शिंपल्याने तो खरवडला आणि धावत ओटी गाठली.

“अन्न आहे ते,” पोसा डोळे न उघडता म्हणाला.

“अन्न नाही, मामंजी. खबर आहे. गोमा गेलाय तिथली.”

बाईने नवऱ्याचे नाव घेतले. ओटीवरची माणसे थिजली. म्हाताऱ्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. घास जिभेवर ठेवून डोळे मिटले. कितीतरी वेळ तो परत आला नाही, म्हणे. तिकडेच गेला होता. त्या पांढऱ्या तळ्यावर, त्या अनोळखी झाडांत.

“कशी आहे?” नवशीने हळूच विचारले.

“गार आहे,” पोसा म्हणाला. “पण गोड आहे. माणूस तिथं राहू शकेल.”

आणि त्याने दुसऱ्या घासासाठी तोंड उघडले.

गोमा परत आला की नाही, ते कोणी सांगत नाही. आम्ही विचारत नाही.

आजही ज्या घरातले माणूस दर्यापार असते, त्या घरी नारळाचे दूध आणि गूळ तांदळाचे पीठ लावून आटवतात, चिमूटभर मीठ टाकतात, आणि तांब्या या खळग्यातल्या पाण्यात निवायला ठेवतात. त्या पदार्थाला अमेरिका म्हणतात, मग माणूस दुबईला असो की सिंगापूरला. ती शिंपल्यानेच वाढायची. पहिला घास घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा. सून विचारते, कशी आहे? म्हातारे माणूस डोळे मिटते. उत्तर ठरलेले आहे, पोरासोरांना पाठ आहे. तरी ते येईपर्यंत घरात कोणी हलत नाही.