झाकणाच्या आतला गणपती

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपली ओसरी शिष्याच्या हवाली केली आणि ते औषधी मुळ्या गोळा करायला दूरच्या रानात निघून गेले.

ओसरी साधीच होती. तीन पायऱ्या, वर शाकारलेले छप्पर आणि भिंतीला एक लांब फळी. त्या फळीवर पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले असत. एखादा एके काळी तेलाचा डबा होता, एखादा दुधाच्या भुकटीचा, एखादा बिस्किटांचा. आतला जिन्नस संपल्यावर गावाने ते टाकून दिले होते. वैद्यांनी एकेक उचलला, राखेने घासला, उन्हात तापवला आणि औषधाने भरला. चेपलेला डबा हिरड्याचा, कडेला गंज चढलेला सुंठीचा, सगळ्यांत उंच तो बाळंतशेपांचा. वाचता न येणाऱ्यालाही हे ठाऊक असे.

ओसरीची एक रीत होती. ज्याला हवे त्याने यावे, स्वतःच्या हाताने झाकण उघडावे, गरजेपुरते घ्यावे आणि जावे. कुणी विचारायचे नाही, कुणी पाहायचे नाही. वैद्य म्हणूनच आतल्या खोलीत खलबत्त्यापाशी बसत. ते म्हणत, "मागायला लावलं की माणसाची मान खाली जाते. घेताना ती ताठ राहिली पाहिजे."

निघताना ते शिष्याला म्हणाले, "आता माझ्या हातांना कंप सुटलाय. ओसरीला नवे हात लागतील. परत आल्यावर बघू, ते तुझे आहेत का."

शिष्याला जगात दुसरे काही नको होते. लहानपणी तापाने फणफणलेला, आईबापावेगळा असा तो याच पायऱ्यांवर येऊन पडला होता आणि याच डब्यांतल्या काढ्याने उठून बसला होता. रोज सकाळी फळी पुसताना त्याचे मन भरून येई. ज्यांनी आपल्याला जीव दिला ते हे डबे असे गंजके, ओबडधोबड का असावेत? गुरुजी परततील तेव्हा फळी डोळ्यांत भरेल अशी करायची, असे त्याने ठरवले.

डब्यांवर रंगीत कागद चिकटवायचा, पण तो कुठून आणायचा? त्यासाठी त्याला फार शोधावे लागले नाही. गावातल्या प्रत्येक घरी देवघराच्या मागे लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. लग्न होऊन जाते, पोरे शाळेत जाऊ लागतात, पण पत्रिकेवर गणपती असल्यामुळे ती केरात टाकता येत नाही.

"ने रे बाबा, सगळ्या ने," गोदाक्का गठ्ठा काढून देत म्हणाली. "ठेववतही नाहीत नि टाकवतही नाहीत. यातल्या दोघांचं तर मोडलंसुद्धा, तरी गणपती आपला बसलाय माझ्याकडे!"

शिष्याने खळ शिजवली, तिच्यात कडुनिंबाचा रस घातला. पत्रिकांच्या सोनेरी कडा कापून त्याने डब्यांना काठ लावले, लाल-केशरी तुकडे एकाशेजारी एक बसवून चेपलेल्या बाजू, गंजाचे डाग सारे झाकले आणि प्रत्येक डब्याच्या मधोमध एकेक गणपती चिकटवला. सोंड, मोदक, उंदीर, सगळे कसे रेखीव. काम संपले तेव्हा फळी उजळून निघाली होती.

गाव पाहायला लोटले. गोदाक्काने तर तोंडावर हातच ठेवला. "अगं बाई! हे डबे म्हणायचे की देव्हारा?"

दुसऱ्या दिवशी फळीवर जास्वंदीचे फूल दिसले. मग कुणी कुंकू लावून गेले, कुणी उदबत्ती खोचली. लिंबाजी गवंडी इतकी वर्षे चिखलाच्या पायांनी थेट वर येई, तोही आता पायरीखाली चपला काढून उभा राहू लागला. शिष्य आत खलबत्त्यापाशी बसून जाळीतून हे पाही आणि त्याचा ऊर भरून येई. येसूबाई नावाची एक बाई तर रोज येई. ती पायऱ्याही चढत नसे. खालूनच हात जोडून बराच वेळ उभी राही, मग पदराने डोळे टिपून निघून जाई. केवढी ही भक्ती, असे शिष्याला वाटे.

ओसरीवर आता मोठी शांतता असे. आपल्या हातून काहीतरी पवित्र घडले आहे, असा त्याने त्या शांततेचा अर्थ लावला.

वैद्य परतले ते एका दुपारी. पाठीवर मुळ्यांचे गाठोडे होते, आणि मागे चार पावले अंतर राखून येसूबाई उभी होती. शिष्य धावत पुढे आला, पाया पडला आणि फळीकडे हात करून उभा राहिला.

वैद्यांनी फळी पाहिली. फुले पाहिली, कुंकू पाहिले. मग त्यांनी एक डबा उघडला. मग दुसरा, मग तिसरा. सगळे काठोकाठ भरलेले. बाळंतशेपांच्या डब्याचे झाकण तर घट्ट धरून बसले होते.

"गरम पाणी आण," ते म्हणाले.

शिष्याने पाणी आणले. वैद्यांनी फडके भिजवून पहिल्या डब्यावरच्या गणपतीवर ठेवले. कागद ओला झाला तशी थरथरत्या नखांनी त्याची कड सोडवली आणि चित्र अलगद सोलून काढले. मग पुढचा डबा. शिष्य पुढे झाला.

"गुरुजी, माझं काही चुकलं असेल तर मला बोला. पण ते असं—"

"निवलं हे. आणखी गरम आण."

त्याने आणखी पाणी आणले. ओसरीही गेली आणि गुरूंची मर्जीही, असे त्याला वाटले. सगळे गणपती सुटे झाल्यावर वैद्यांनी ते स्वच्छ धोतरावर उन्हात पसरले. सुकल्यावर खळ मागवली आणि एकेक गणपती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. झाकणे बसवली. बाहेरून आता नुसते रंगीत तुकडे दिसत होते.

"येसूबाई," वैद्यांनी हाक दिली. "या. घ्या."

ती घुटमळली. "बुवा, सोयर आहे आमच्याकडे. विटाळातली मी."

"डब्याला कसली सोयर? मागच्या खेपेला थोरल्या लेकीच्या बाळंतपणात नेलंतच की."

येसूबाई पायऱ्या चढली. उंच डब्याच्या झाकणाचा टणकन आवाज झाला. शिष्य दचकला. हा आवाज आपण किती दिवसांत ऐकला नव्हता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले. तिने मूठभर बाळंतशेपा पदरात घेतल्या, आणि झाकण लावताना तिला आतला गणपती दिसला. ती थबकली. मग पदर सावरत तिने मान लववली.

"लेकीला दूध येईना," ती शिष्याकडे वळून म्हणाली, जणू तीच अपराधी होती. "शेळीच्या दुधावर ठेवलंय बाळाला. रोज यायची मी. पण देवाला हात कसा लावू? म्हटलं, लांबूनच सांगावं त्याला." आणि ती लगबगीने गेली.

शिष्य खाली बसला. वैद्यही त्याच्याशेजारी टेकले.

"मला वाटलं, ती पूजा करतेय," शिष्य म्हणाला.

"करतच होती. अरे, या ओसरीवर कोण येतं? तापाने पडलेला माणूस पारोसा असतो. बाळंतिणीच्या घरी सोयर, मेल्याच्या घरी सुतक. बायकांचं पोट दुखतं ते नेमकं त्या चार दिवसांत. लिंबाजीचे हात चुन्याचे. ज्याला औषध लागतं तोच देवापासून लांब राहतो, ही आपली जुनी सवय. तू देव बाहेर बसवलास, तो राखणदार झाला. लोक हात जोडून परत गेले. आता तो आत बसलाय, यजमान म्हणून. आधी माणसाने घ्यावं, मग त्याला यजमान दिसावा. नमस्कार काय, घेतल्यावरही करता येतो."

शिष्याने पायाशी पडलेले सुकलेले फूल उचलले. मग हळूच म्हणाला, "मला फक्त या डब्यांचे उपकार फेडायचे होते."

"ठाऊक आहे मला." वैद्यांनी सोनेरी काठावरून बोट फिरवले. "काठ सुरेख लावलेस. कागदाने पत्राही गंजायचा थांबेल. पण तू तापाने पडला होतास तेव्हा या डब्याला हार घातला असता तर वाचला असतास का? तुझ्यासाठी तो उघडला होता. उपकार फेडायचे तर त्याला उघडा राहू दे."

दुसऱ्या दिवशी शिष्य पुन्हा घरोघरी गेला. या वेळी त्याने देवघरामागचे काही मागितले नाही. चहाच्या पुड्याचा चकचकीत कागद, पोरांच्या वह्यांची वेष्टने, साडीच्या खोक्याचा तुकडा, जे ज्याच्या घरी पडले होते ते. गणपतींच्या रिकाम्या जागा त्याने त्यांनी भरल्या, आणि कोणता डबा कशाचा हे कळावे म्हणून सुंठीला पिवळा, हिरड्याला तपकिरी, बाळंतशेपांना हिरवा असे रंग निवडले. लोक आपापला तुकडा शोधू लागले. "हे बघ, आमच्या बबनची वही!" असे म्हणत गोदाक्काने डबा थेट काखेत मारला आणि झाकण उघडले.

त्या दिवसापासून वैद्य पारावर ऊन खात बसत आणि आतल्या खोलीत शिष्याचा खलबत्ता वाजे. एका सकाळी पायऱ्यांवर तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले. जाळीतून पाहावे, असे शिष्याला फार वाटले. त्याने पाहिले नाही. फक्त हात थांबवून तो ऐकत राहिला. झाकणाचा टणकन आवाज झाला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग बांगड्यांची किणकिण, जशी हात जोडताना होते.

आपल्यालाही कुणीतरी असेच जीव लावून काही देऊन ठेवलेले असते. त्याला फुले वाहून झाली असतील, तर आता झाकण उघडावे.