सपाट पोलादावरचा काटा

"खात्री आहे?" धुरीसरांनी विचारलं.

"आहे," यशोधन म्हणाला.

"मग रंधा खाली ठेव."

यशोधनने रंधा ठेवला नाही. मूठ तेवढी घट्ट झाली.

धुरीसर पूर्वी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आंबोलीत राहून ते मासेमारीच्या काठ्या करू लागले. गळाला पिसांची खोटी माशी बांधून ती दूर पाण्यावर फेकायची, त्यासाठीच्या बांबूच्या काठ्या. अशा एका काठीला सहा तिकोनी पट्ट्या चिकटवाव्या लागतात. पट्टी पोलादी साच्यात ठेवायची आणि वरून रंधा मारायचा. साचा म्हणजे शेजारी शेजारी जोडलेले दोन लांब गज, आणि मध्ये बुडाकडून टोकाकडे उथळ होत जाणारी खाच. ती कुठे किती खोल असावी, हे गजांतल्या स्क्रूंनी बसवायचं.

सरांना आता खाचेची खोली मोजायच्या मापकावरचा काटा दिसत नव्हता. टेबलावरच्या पट्ट्या त्यांनी नजर शाबूत असताना तोडून वाळवत ठेवलेल्या बांबूच्या होत्या. त्या संपल्या की आणखी बांबू नव्हता. पट्ट्या नीट उतरल्या तर साचा यशोधनचा, असा सरांचा शब्द होता. बिघडल्या तर साचा कुणाचाच नाही.

यशोधन सावंतवाडीचा, सरांकडे काठ्या करायला शिकणारा. लाकूडकामात त्याच्या हाताला तोड नव्हती, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"पुन्हा मोज," सर म्हणाले.

यशोधनने मापकाचं टोक खाचेत टेकवलं. एकेका स्क्रूपाशी थांबत आकडे मोठ्याने वाचले. सर डोळे मिटून ऐकत होते. सगळे आकडे हवे तसेच होते.

"पुन्हा."

या वेळी आवाज चढला. आकडे तेच राहिले.

"दोन्ही वेळा तेच आले, सर. अजून काय हवं?"

"तेच आले, हे खरं..."

यशोधन हसला. ते हसू बरं नव्हतं. सर स्वतः काम करत, तेव्हा दर मापाआधी मापक सपाट पोलादावर टेकवून काटा शून्यावर आहे ना, ते पाहत. यशोधनने त्याला 'सरांचा जप' असं नाव ठेवलं होतं. सरांच्या कानावर ते गेलं होतं.

"जप करण्यातच तुमचं आयुष्य गेलं," तो म्हणाला. "म्हणून तर वर्षाला जेमतेम एक काठी व्हायची."

सरांनी नुसता हात पुढे केला. यशोधनने मापक दिला.

सर बोटांनी साचा चाचपत गेले. खाच संपली, तिथे थांबले. पुढच्या सपाट पोलादावर त्यांनी मापक टेकवला.

"तिथे खाच नाही, सर. तिथे मोजायला काही नाही."

"काटा किती दाखवतो?"

यशोधन वाकला...

काटा शून्यावर नव्हता. किंचित पुढे होता.

सकाळी त्याने शून्य पाहिलं होतं. मग तबकडीची काच पुसली होती. हत्यार लख्ख ठेवायची त्याची सवय. पुसताना तबकडीचं कडं फिरलं असणार. म्हणजे प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा जास्त होता आणि खाच तेवढी उथळ. पट्ट्या बारीक उतरल्या असत्या. आणि तासलेला बांबू परत भरत नाही.

त्याने रंधा खाली ठेवला.

कडं फिरवून काटा शून्यावर आणला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एक स्क्रू जुळवला की शेजारची खाच हलायची. मागे जावं लागायचं. दर मापाआधी तो मापक सपाट पोलादावर टेकवत होता. कुणी हसत नव्हतं. सरांच्या कपातल्या चहावर साय धरली.

ऊन खिडकीतून निघून गेलं, तेव्हा तो ताठ झाला. रंधा हाताशी होता. त्याने त्याला हात लावला नाही.

"खात्री आहे?" सरांनी विचारलं.

यशोधनने साच्याकडे पाहिलं. मग मापकाकडे. मग स्वतःच्या बोटांकडे...

"नाही, सर."

"मग रंधा घे."