चंद्राक्कांचा सोंगट्यांचा पट

जुनी खेळणी जपणारे एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांच्याकडे एकदा घडलेली ही गोष्ट. लाकडी ठकी, गंजिफाचे गोल पत्ते, गजगे, लाखेने रंगवलेले भोवरे असे लोकांच्या माळ्यावरून निघालेले जे जे हाती येई, ते ते त्यांनी एका दालनात मांडून ठेवले होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. मोठा कष्टाळू. रंगाचा टवका उडू न देता धूळ कशी पुसावी, ते त्याच्याकडूनच शिकावे.

एके दिवशी चंद्राक्का नावाच्या वृद्ध बाई सोंगट्यांचा पट घेऊन आल्या. कापडाचा, फुलीसारख्या चार पट्ट्यांचा, त्यावरचे एकेक घर रंगीत दोऱ्याने आखलेले. सासूच्या सासूने तो शिवला होता. घरात आता खेळायला कोणी उरले नव्हते, आणि अक्का त्याच दिवशी लेकीच्या गावी निघाल्या होत्या, कायमच्या.

"कसर लागण्यापरीस तुमच्याकडं बरा," त्या म्हणाल्या.

शिष्य पट पाहतच राहिला. काय ते बारीक टाके! पण कडेकडेने तपकिरी, चिकट डाग पडलेले. असा पट काचेच्या पेटीत कसा ठेवायचा? त्याने रिठ्याचे पाणी केले. आता पट त्यात बुडवणार, तोच गुरुजींनी भांडे उचलले आणि सगळे पाणी बाहेर झाडाच्या आळ्यात ओतून दिले. मग पट जमिनीवर पसरला.

"अक्का, यष्टीला वेळ आहे ना? बसा. याच्याशी एक डाव खेळा."

"गुरुजी, एवढं जुनं कापड! यावर खेळायचं?"

"बस खाली."

शिष्य बसला. अक्कांनी पिशवीतून सोंगट्या आणि कवड्या काढल्या. कवड्या त्याने दोन बोटांत धरल्या.

"अरं, विंचू धरलाईस काय?" अक्का म्हणाल्या. "हलव की जरा. त्यास्नी बी कळू दे, कुणीतरी खेळतंय."

हळूहळू शिष्य पटावर वाकला. त्याची एक सोंगटी घराच्या तोंडाशी आली, आणि नेमकी तेव्हाच अक्कांनी ती मारली.

"हे दान खोटं! कवडी कलती पडली होती!" शिष्य ओरडला.

"माझा नवरा बी जल्मभर ह्येच म्हनायचा," अक्का हसल्या. त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "खा आदी. आमच्यात ज्याची सोंगटी मारली त्याला गूळ द्यायचा. त्यानं खाल्ल्याबिगर पुढचं दान टाकायचं न्हाई. जावाजावांत चार दिस अबोला असंना का, पटावर एकमेकींचा गूळ खायाच लागायचा."

शिष्याने गूळ खाल्ला, सोंगटी उचलायला हात पुढे केला, आणि तसाच थांबला. बोटे चिकट झाली होती. पटाच्या कडेला, जुन्या डागाशेजारी, त्याच्या अंगठ्याचा ताजा डाग उमटला होता.

गुरुजी सावकाश म्हणाले, "बाळा, तू मनापासून काम करतोस, ते मी रोज पाहतो. हे टाके सुरेखच आहेत. पण त्या घरातल्या बायका हरलेलीला कसं वागवत होत्या, ते टाक्यांत नाही रे. ते तू आत्ता पाण्यात सोडणार होतास. एखादी वस्तू धुवायची झाली, तर आधी जिची आहे तिच्याबरोबर घटकाभर बसत जा."

शिष्याने त्याच चिकट बोटांनी सोंगटी उचलली.

डाव संपला. अक्कांनी पटावरून एकवार हात फिरवला, पिशवी उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या.

"अक्का," शिष्य मागून म्हणाला, "हे बरं आहे! जिंकलात आणि चाललात? मला माझा डाव परत हवाय."

अक्का उंबऱ्यावर थांबल्या. असे त्यांना किती वर्षांत कोणी म्हटले नव्हते. पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"पुढली यष्टी कवा हाय रं?"